तूट

सोलांजने वही उघडली ती मधूनच,
ओल लागून पानं जिथे एकमेकांना धरून बसली होती.
नोटरी चार वाजता येणार.
त्याआधी एवढंच बघायचं होतं
की उतारावरचा वरचा तुकडा
खरंच कधी आपला होता का.

पहिलं अक्षर फिलिबेर बूव्रेचं. बोजड, खाली कलणारं.
"सतराशे एक्याण्णव. मठाची जमीन लिलावात घेतली.
अकरा ओळी, एक विहीर, एक आंधळी घोडी."
साधूंनी आशीर्वाद दिला की तळतळाट, ते लिहिलेलं नाही.
घोडीची किंमत मात्र दोनदा लिहून खोडलेली.

मग नातू, पणतू. शाई बदलते, रड तीच:
गारा. हिव. पिंपाला गळती.
आणि समासात, वर्षाआड, एकच शब्द: तूट.

ज्युराची पिवळी वाईन अशीच करतात.
पिंप भरायचं, बूच ठोकायचं,
मग सहा वर्षं तीन महिने हात लावायचा नाही.
आतली पातळी उतरत जाते, वर पातळ साय धरते,
कुणी ओतून भर घालत नाही.
लिटरामागे उरते बासष्ट सेंटिलिटर.
बाटलीही तेवढ्याच मापाची, बुटकी, रुंद खांद्यांची.
बाकीचं तळघराच्या भिंती पितात,
म्हणून त्या काळ्या, मखमली, आणि कायम तृप्त.

"अठराशे ब्याण्णव. मुळांत किडा. भिंगाखाली पाहिला.
पिवळा. उवेएवढाही नाही."
हे देझिरेचं अक्षर. पुढची चार पानं कोरी.
त्या कोऱ्या पानांतून अर्धं गाव
चष्म्यांच्या कारखान्यात कामाला गेलं,
दोघे अल्जीरियाला,
आणि एकाने उपटलेल्या वेलींची खोडं चुलीत घालून
त्यांच्यावर बटाटे उकडले,
पण जेवला नाही.

पाचव्या पानावर मजुरी.
कलमं बांधायला माणसं सहा, रोज दोन फ्रँक.
त्याखाली: "झेली, अकरा आठवडे."
पुढे आकडा नाही. झेली म्हणजे बायको.
अकरा आठवडे स्वयंपाकघरातल्या टेबलावर
अमेरिकेहून आलेल्या रानटी मुळांना
ती इथल्या काड्या जोडत होती,
दोरा दातांत, अंगठ्यावर चाकूच्या रेघा.
डोकं इथलं, पाय परक्याचे.
म्हातारे म्हणाले, ही आता आपली द्राक्षं नव्हेत.
प्यायला मात्र आले.

मग जांभळी शाई. अक्षर उभं, बेरीज एकदाही चुकलेली नाही.
"ऑगस्ट, चौदा. आनातोल गेला."
सात महिन्यांनी पुन्हा:
"आनातोल गेला."
तेच दोन शब्द, तितकेच सरळ.
फक्त दुसऱ्या वेळी शाई पलीकडच्या पानावर उमटलेली,
वही लगेच मिटल्यासारखी.

त्या सालचं पिंप झेलीने सहा वर्षांनी उघडलं नाही.
सातव्याही नाही.
समासात तूट नाही, काहीच नाही.

एकवीस सालच्या पानावर सोलांजला हवं ते सापडलं.
वरचा तुकडा विकला. झेलीने. एका खेचराच्या किमतीत.
का, ते नाही.
आता तिथे अक्रोड आहेत, आणि कुणाच्या तरी मेंढ्या.

दुसऱ्या लढाईतले सैनिक
तळघरातलं सगळं गाडीत भरून घेऊन गेले.
एका पिंपावर बंदुकीचा दस्ता आपटला,
पोकळ वाजलं, म्हणून ठेवून गेले.
हे वहीत नाही. हे आजोबा सांगायचे,
आणि सांगताना त्या पिंपाकडे बघायचे नाहीत.

नोटरी आला. बूट पुसले. कलम एक, कलम दोन,
कलम तीनमध्ये दोन भावांच्या सह्या आधीच झालेल्या.
तळघरात त्याने बॅटरी धरली आणि यादी केली:
दिवे चार. शिडी एक, मोडकी.
पिंप एक, रिकामं.

"थांबा," सोलांज म्हणाली.
वाकून तिने बोटाच्या पेराने वाजवलं.
वर पोकळ. मध्ये पोकळ.
गुडघ्यापाशीही पोकळ.
मग ती फरशीवर बसलीच, चांगल्या झग्यानिशी,
आणि अगदी खाली, बुडापासून चार बोटांवर,
आवाज जाड झाला.